उकिडवं बसणारी मुलगी



दिवेआगरच्या किनाऱ्यावर आमचं बालपण गेलं. सुपारीच्या वाडीतून समुद्राकडे धावताना माझी धाकटी बहीण मध्येच थांबायची आणि गुडघे पोटाशी घेऊन उकिडवी बसायची. ओठ निळे, नखं निळी. आम्ही तिला ‘आळशी’ म्हणून चिडवायचो. नानी म्हणायची, ‘पोरीला नजर लागलीय.’ थोड्या वेळानं धाप कमी व्हायची, ती हसत उठायची. १९७९ साली, सातव्या वर्षी ती गेली.

पुढे एका डॉक्टर मित्रानं उलगडा केला. अशा मुलांच्या हृदयातल्या पडद्याला जन्मतःच भोक असतं आणि फुप्फुसाकडची वाट अरुंद असते. मग अशुद्ध रक्त फुप्फुसात न जाता भोकातून थेट महाधमनीत शिरतं, अंग निळं पडतं. फॅलो या फ्रेंच डॉक्टरांनी १८८८ साली या विकाराचं वर्णन केलं.

उकिडवं बसलं की जांघेतल्या आणि गुडघ्यामागच्या धमन्या दुमडतात. पायाकडे रक्त जायला अडथळा होतो, महाधमनीतला दाब वाढतो आणि जास्त रक्त फुप्फुसाकडे वळतं. वाडीत एका पाटाचं तोंड बुजवलं की पाणी दुसऱ्या पाटाला लागतं, तसंच हे. धडधाकट माणसाला असं बसण्यानं काही होत नाही. सुपारी सोलताना पायाला मुंग्या येतात, त्या मुख्यतः मज्जातंतू दाबल्यानं.

माझ्या बहिणीला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती आपला इलाज आपणच करत होती आणि आम्ही हसत होतो. या विकारावरची पहिली शस्त्रक्रिया बाल्टिमोरला १९४४ साली झाली, भोक बुजवून वाट रुंद करणारी १९५४ साली. म्हणजे उपाय होता. आम्हाला तो ठाऊक नव्हता.

२०१३ साली पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या आणि शाळेतल्या मुलांची मोफत तपासणी होते, जन्मजात हृदयदोषही पाहिले जातात. तेव्हा खेळता खेळता मूल वरचेवर उकिडवं बसत असेल, ओठ निळे पडत असतील, तर नजर काढत बसू नका; हृदय तपासून घ्या. एकाएकी मूल निळं पडून धापा टाकू लागलं, तर त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरा आणि तडक दवाखाना गाठा.

आजही किनाऱ्यावर एखादं मूल उकिडवं बसलेलं दिसलं, की मी आधी त्याचे ओठ पाहतो.