जुन्या शब्दांचे अर्थ



१६११ च्या इंग्रजी बायबलात ईश्वर मानवाला वनस्पती व फळे 'मीट' म्हणून देतो. मीट म्हणजे मांस एवढेच ठाऊक असलेला विद्यार्थी येथे अडखळतो. त्या काळी हा शब्द सर्व प्रकारच्या अन्नास लागू होता. 'नाइस' म्हणजे एके काळी मूर्ख, तर 'सिली' म्हणजे मूळचा सुखी, धन्य! असे शब्द अडखळूही देत नाहीत. वाचक आजचाच अर्थ घेऊन निःशंकपणे पुढे जातो आणि चुकतो. नवे छोटे कोश हे लुप्त अर्थ गाळतात. म्हणून शताब्दीच्या या प्रसंगी एकच विनंती : कपाटातील जीर्ण कोश रद्दीत काढण्यापूर्वी क्षणभर थांबावे. तो गेला, तर शेजारचे जुने ग्रंथही मुके होतील.