बुळकांडीचा उतारा

बुळकांडीचें नांव काढतांच पूर्वीं शेतकऱ्याच्या उरांत धडकी भरे. ताप, तोंडांत व्रण, ढाळ. आणि आठ-दहा दिवसांत दावणीचा बैल आडवा. बैल गेला कीं नांगर थांबला, आणि नांगर थांबला कीं घर उघडें पडलें.

गुरांच्या रोगांच्या संशोधनासाठीं १८८९ मध्यें पुण्यास प्रयोगशाळा निघाली. १८९३ मध्यें ती कुमाऊंतील मुक्तेश्वरास गेली. तेथें १९२० नंतरच्या दशकांत जे. टी. एडवर्ड्स यांनीं रोगाचा विषाणू एका बकरीतून दुसरींत असा वारंवार नेला. बकरीच्या देहाला सरावलेला विषाणू गुरांच्या बाबतींत निस्तेज झाला. त्याची ओळख मात्र पुसली गेली नाहीं. या दुबळ्या शत्रूशीं झुंजून टोचलेल्या गुराचा देह खऱ्या शत्रूला तोंड देण्यास सिद्ध होई.

परंतु नाजूक जातींच्या गुरांना ही लस जड जाई. ती उणीव १९६० च्या सुमारास केनियांत वॉल्टर प्लाउराइट यांनीं भरून काढली. वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत सुमारें ९० वेळां वाढविलेला त्यांचा विषाणू सर्व जातींना मानवला.

२००६ मध्यें भारत आणि २०११ मध्यें सारें जग बुळकांडीमुक्त ठरलें. देवीनंतर पृथ्वीवरून समूळ नाहींसा झालेला हा दुसरा रोग. आणि त्याचा उतारा निघाला तो त्याच्याच पोटांतून.