आधी मोजा, मग उतरवा : आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची तपासणी
(द्राक्ष शीतगृहचालकांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



द्राक्षाच्या हंगामात प्रीकूलिंगची खोली एक रात्रही बंद ठेवून चालत नाही. तोडणीनंतर मालातील उष्णता जितक्या लवकर काढाल, तितका माल जास्त टिकतो. अशा वेळी पॅनेल बंद पडले की बहुतेकांचा संशय आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर जातो. मी एका शीतगृहावर पोचलो तेव्हा ट्रान्सफॉर्मर उतरवून रिवाइंडिंगसाठी टेम्पोत चढवला होता. दोष निघाला मेन स्विचमध्ये. एका फेजचा लग सैल होऊन जळला होता. अर्ध्या तासाचे काम, पण तोवर खोलीतील माल गरम झाला होता.

ही चूक का झाली? वायरमनने तिन्ही फेजना टेस्टर लावला आणि तिन्हीवर दिवा लागला. प्रायमरी डेल्टा जोडणीत असेल तर तुटलेल्या फेजवरही वेटोळ्यातून वीज मागे फिरून येते. म्हणून टेस्टरवर विसंबू नका, मीटरने मोजा.

चालू स्थितीतील मोजमाप

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. कॉम्प्रेसर व इतर लोड बंद ठेवून ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी टर्मिनलवर फेज ते फेज व्होल्टेज पाहा. तिन्ही जोड्यांत सुमारे ४१५ आले तर पुरवठा ठीक आहे. एका जोडीत ४१५ आणि उरलेल्या दोन जोड्यांत त्याच्या निम्मे आले, तर एक फेज येत नाही असे समजा.

सेकंडरी स्टार असून न्यूट्रल बाहेर काढलेला असेल, तर तिथेही हीच खूण दिसते. निरोगी स्थितीत न्यूट्रलपासून तिन्ही फेजवर सुमारे २४० मिळतात. एक फेज गेला की एकावर २४०, दोघांवर १२० च्या आसपास. हे आकडे दिसले तर ट्रान्सफॉर्मरला हात लावू नका. फ्यूज, मेन स्विच आणि लग तपासा. तिथे दोष नसेल तर महावितरणला कळवा. डीपीवर स्वतः चढू नका.

चालू करताच एमसीबी एखाद्या वेळी पडला, म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळालाच असे नाही. सुरुवातीला क्षणभर कित्येक पट करंट ओढला जातो. मात्र लोड काढूनही एमसीबी वारंवार पडत असेल, किंवा बिनलोड ट्रान्सफॉर्मर तापून वार्निशचा वास येत असेल, तर वेटोळ्यात शॉर्ट असण्याची शक्यता मोठी आहे. साध्या मल्टिमीटरच्या ओहम रीडिंगने हा दोष सहसा सापडत नाही.

बंद स्थितीतील मोजमाप

मेन स्विच बंद करा, फ्यूज काढा, कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. वीज नाही याची मीटरने खात्री करा. तो मीटर आधी व नंतर चालू लाइनवर तपासून घ्या. मग दोन्ही बाजूंच्या तारा सोडवा. न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला असेल तर तो दुवाही काढा.

आता ५०० व्होल्टचा मेगर प्रायमरी ते सेकंडरी, प्रायमरी ते बॉडी आणि सेकंडरी ते बॉडी असा लावा. एक मेगओहमपेक्षा कमी रीडिंग आले तर ट्रान्सफॉर्मर चालू करू नका. कोरड्या, चांगल्या ट्रान्सफॉर्मरचे रीडिंग याच्या कितीतरी वर असते. पावसाळाभर बंद राहिलेल्या ट्रान्सफॉर्मरला ओल धरते. तो वाळवून पुन्हा मोजा. पॅनेल जोडलेले असताना मेगर कधीही लावू नये, आतील इलेक्ट्रॉनिक कार्डे जळतात. मोजून झाल्यावर वेटोळी डिस्चार्ज करायला विसरू नका.

एक मोठा गैरसमज

'आयसोलेशन आहे, म्हणजे शॉक बसत नाही' असे आपल्याकडे बोलले जाते. हे खरे नाही. सेकंडरी अर्थिंगशी जोडलेली नसेल, तर पहिल्यांदा एक फेज बॉडीला लागला तरी फ्यूज जात नाही. सगळे सुरळीत चालते, दोष मात्र लपून राहतो. त्यानंतर दुसऱ्या फेजला माणसाचा हात लागला तर जिवावर बेततो. फेज ते फेज शॉक तर आयसोलेशन असूनही बसतोच. शिवाय इनपुटला लावलेला अर्थ लिकेज ब्रेकर सेकंडरीकडील गळती ओळखत नाही. म्हणून सेकंडरीचा न्यूट्रल अर्थ करायचा की नाही, हे पॅनेल बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे ठरवा. न्यूट्रल अर्थ केला असेल तर ब्रेकर आउटपुटलाही बसवा. ट्रान्सफॉर्मरच्या बॉडीचे अर्थिंग मात्र दोन्ही स्थितींत हवेच.

शेवटी एक विनंती. तोडणी सुरू होण्यापूर्वी ही सर्व रीडिंगे एका वहीत तारखेसह लिहून वही पॅनेलजवळ टांगा. रात्री बिघाड झाला तर निरोगी आकडे समोर असतील आणि दोष नेमका कुठे शोधायचा ते लवकर कळेल.