निळा पडदा आणि आपल्या नोंदी

(कोन, ता. भिवंडी येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पोटगी, रेशनकार्ड, कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा यांवर आपण नेहमी बोलतो. आज लॅपटॉपवर बोलायचं आहे. विषय कोरडा वाटेल. पण सल्ला केंद्रात येणाऱ्या बाईची हकिगत आता आपण लॅपटॉपमध्ये लिहितो. तिच्या जखमांचे फोटो, नवऱ्याच्या धमक्यांचे मेसेज, ती सध्या जिथे लपून राहते तो पत्ता, सगळं त्यात असतं. आणि काम चालू असताना पडदा एकदम निळा होतो, इंग्रजी ओळी येतात, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतं.

अशा वेळी पुरुष मशीनला शिव्या देतो. बाई म्हणते, "माझ्या हातून काहीतरी बिघडलं." दोष आधी स्वतःकडे घ्यायचा, ही शिकवण आपल्याला घरातूनच मिळालेली आहे. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक असेच कोलमडले. आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तिथे कुठल्या बाईने चुकीचं बटण दाबलं होतं?

निळा पडदा म्हणजे काय? विंडोजच्या गाभ्यात अशी चूक झाली, की तसंच पुढे चालवलं तर साठवलेली माहिती बिघडेल. म्हणून यंत्र स्वतःच थांबतं. विंडोज 11 मध्ये 2025 पासून हा पडदा काळा केला आहे, अर्थ तोच. कारणं बहुतेक ठरलेली असतात: प्रिंटर, वायफाय यांसारखे भाग चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम बिघडणं, मेमरीची पट्टी सदोष असणं, डिस्क खराब होणं, एखादं अपडेट अर्धवट बसणं.

आता काय करायचं ते क्रमाने सांगते.

पहिलं, पडद्यावरचा कोड लिहून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. इंग्रजी कळलं नाही तरी अक्षरं उतरवा. तारीख आणि त्या वेळी काय चालू होतं तेही लिहा. दर वेळी एकाच फाइलचं नाव येत असेल तर संशय त्या ड्रायव्हरवर. दर वेळी कोड वेगळा असेल तर संशय मेमरीवर. बाईच्या केसमध्ये आपण तारीखवार नोंद ठेवतो, तशीच ही.

दुसरं, अलीकडे काय बदललं ते आठवा. नवा प्रिंटर, नवा प्रोग्राम? तो काढून बघा. पेनड्राइव्ह, डोंगल, सगळं उपसून लॅपटॉप नुसता चालवा.

तिसरं, यंत्र सुरूच होत नसेल तर सेफ मोड. सुरू होता होता बटण दाबून धरून दोन-तीनदा बंद केलं, की विंडोज स्वतः दुरुस्तीचा पडदा दाखवतं. त्यात ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि 4 चा आकडा.

चौथं, यंत्र उघडलं की आधी नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. दुरुस्ती नंतर. मग विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा, डिस्क तपासा, ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर न्या. भिवंडीत यंत्रमागांमुळे कापसाची बारीक धूळ सगळीकडे असते. ती पंख्यात अडकली की यंत्र तापतं आणि बहुधा निळा पडदा न दाखवताच बंद पडतं. पंखा साफ करून घ्या.

आता खरा प्रश्न. पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असतं. दुरुस्तीच्या वेळी ते 48 आकड्यांची किल्ली मागतं. ही किल्ली बहुधा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना ज्याचं मायक्रोसॉफ्ट खातं वापरलं, त्याच्या खात्यात असते. आपल्याकडे ते खातं कुणाचं? कुणाच्या भाच्याचं, कुणाच्या मुलाचं, कुणाच्या नवऱ्याचं! म्हणजे घर आपण चालवायचं आणि सातबारा त्याच्या नावावर, तसंच हे झालं. गटाच्या नावाने खातं काढा. किल्ली कागदावर उतरवून कुलुपाच्या कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.

लॅपटॉप कल्याणला दुरुस्तीला नेला तर दुकानदाराला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देऊ नका. समोर बसून काम करून घ्या, किंवा डिस्क काढून घेऊन मग यंत्र द्या. बाईने आपल्यावर विश्वास ठेवून पत्ता सांगितला आहे. तो बाजारात जाता कामा नये.

आणखी एक. खरा निळा पडदा कधीही फोन नंबर देत नाही. "या नंबरवर फोन करा, नाहीतर सगळं पुसलं जाईल" असं दिसलं तर ती फसवणूक. फोन करू नका, बटण दाबून धरून यंत्र बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर तक्रार करा.

प्रत्येक गटात निदान दोघींनी हे स्वतःच्या हाताने करून बघावं. एकीवर सगळं सोपवलं, की ती आजारी पडली त्या दिवशी काम ठप्प. शिवणयंत्राची सुई मोडली तर आपण कुणाची वाट बघत नाही. लॅपटॉपच्या बाबतीतही तेवढा धीर यायला हवा. तो वापरून येतो. आज दोन लॅपटॉप इथे ठेवलेत. जिने अजून हात लावलेला नाही, तिने आधी पुढे यावं.