यादीतली नावं आणि दोन बाटल्या



बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यापासून गावोगाव मतदार यादी वाचत फिरते. अगदी मोठ्यानं वाचते. मारुतीच्या पारावर बसायचं आणि एकेक नाव घ्यायचं. कुणी म्हणतं, “हाय की, घरीच हाय.” कुणी म्हणतं, “ती गेली बाई, दोन वर्षं झाली.” कुणी म्हणतं, “ती आमची पोरगी, परभणीला दिली.” नावापुढं पेन्सिलीनं खूण करायची आणि संध्याकाळी ती वही बीएलओंकडं न्यायची. बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. बहुतेक गावांत त्या अंगणवाडीच्या ताई असतात, नाहीतर शाळेचे गुरुजी. त्यांच्यामागं आधीच दहा कामं असतात.

ही यादी किती मोलाची आहे, ते मला दारूबंदीच्या मतदानानं शिकवलं. आपल्या राज्यात 2008च्या आदेशानुसार, गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि परवान्याच्या दुकानाबद्दल गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. दुकान बंद व्हायला निम्म्याहून जास्त मतं लागतात. पण कुणाच्या निम्म्याहून? मतदानाला आलेल्या बायकांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या.

हिशेब मांडून बघा. समजा यादीत 800 बायका आहेत. मतदानाला 500 आल्या. 380 जणींनी आडवी बाटली निवडली, 120 जणींनी उभी. तिपटीहून जास्त मतं पडली, तरी दुकान चालूच राहतं, कारण 401 हवी होती. आता त्या 800 नावांतली 90 नावं वारलेल्या किंवा लग्न होऊन गेलेल्या बायकांची असली तर? जी बाई या जगातच नाही, तिचं नाव उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्यासारखं होतं. आणि आमच्याकडं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या गुढीपाडव्याच्या आसपास परततात. या काळात मतदान ठेवलं, तर अर्धी वस्ती फडावर असते. म्हणून तारीख ठरण्याआधी आम्ही अर्ज देतो, की टोळ्या गावी आल्यावर मतदान घ्या. हे मागणं कुठल्याच बाटलीचं नाही. ज्यांच्या दारातला प्रश्न आहे, त्यांना मत देता यावं, एवढंच आहे.

यादीत नाव घालायला फॉर्म 6, वगळायला फॉर्म 7, पत्ता बदलायला किंवा चूक दुरुस्त करायला फॉर्म 8. सासरी आलेल्या मुलीला मी फॉर्म 8च भरायला सांगते, म्हणजे इथं नाव लागतं आणि माहेरचं निघतं. पूर्वी वयासाठी फक्त 1 जानेवारी धरत. 2022पासून एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीखही धरतात. सतरा पूर्ण झालेली मुलं आगाऊ अर्ज देऊ शकतात.

फॉर्म 7ला मात्र मी भिते. नाव राहून गेलं तर पुन्हा घालता येतं. पण जिवंत माणसाचं नाव उडालं, तर ते त्याला मतदानाच्या दिवशी, रांगेत उभं राहिल्यावर कळतं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली होती. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं; अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच नोंद होती. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचा आग्रह होता, की बाईचं नाव तिच्या स्वतःच्या नावानंच लागलं पाहिजे. पारावर एखादी सून पदराआडून “यांच्याच नावानं लिवा” म्हणते, तेव्हा मला त्या 28 लाख जणी आठवतात. तिचं नाव तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी पेन उचलत नाही.

एका गावात सह्यांची मोहीम सुरू झाली, तेव्हा बायका माझ्याकडं आल्या. “बाई, तुम्ही पुढं व्हा.” माझ्या धाकट्या भावाचा संसार दारूनं गेला. माझं मन कुठं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी मी नाही म्हटलं. यादी ज्याच्या हातात असते, त्यानं सह्यांचा कागद हातात घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पुढं यादी तपासताना दुकानदाराच्याच घरातल्या नव्या सुनेचं नाव नाही, असं निघालं. मोहिमेतली एक जण हळूच म्हणाली, “राहू द्या ना बाई, एक मत कमी.” मी त्याच दुपारी त्या घरी गेले, ओट्यावर बसून सुनेचा फॉर्म भरला. त्यांनी चहा दिला, तो प्यायले. मोहिमेतल्या दोघी-तिघी महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

मतदानाचं काम तहसीलच्या लोकांनी केलं. आम्ही स्वयंसेवक बाहेर होतो. रांगेत पाणी द्यायचं, यादीतला क्रमांक शोधून द्यायचा, म्हाताऱ्यांना हाताला धरून आणायचं. बाटलीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. दुपारी ऐंशीच्या पुढच्या एक आजी माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत आल्या. दारात थांबून म्हणाल्या, “बाई, कुठल्या बाटलीवर मारू शिक्का?” माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, “आजी, उभी म्हणजे दुकान राहणार. आडवी म्हणजे बंद होणार. पुढचं तुमचं.” त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग काठी टेकत एकट्याच आत गेल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कानाशी तोंड आणलं. मी म्हटलं, “आजी, मला सांगू नका.” त्या म्हणाल्या, “बरं,” आणि पाणी मागितलं.