चार स्क्रूंची गिटार

श्रोतेहो, ज्या रेडिओवर तुम्ही मला ऐकताय, त्याची पाठ कधी उघडून पाहिलीत का? आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी पाहिली आहे. आत धूळ असायची, रंगीत तारा असायच्या आणि त्यात कुठंतरी गाणं दडलेलं असणार असं वाटायचं. आताच्या मुलांच्या हातातल्या वस्तूंना उघडायला स्क्रूच दिसत नाहीत. बिघडली की टाकायची, नवी आणायची. म्हणूनच माझ्या भाच्यानं गेल्या पावसाळ्यात इलेक्ट्रिक गिटारचं किट मागवलं, तेव्हा मला बरं वाटलं.

घरातल्या इतरांना मात्र तसं वाटलं नाही. त्यानं इंजिनिअरिंग दोन वर्षांनंतर सोडलं होतं आणि घरात बोलणंही जवळजवळ सोडलं होतं. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे त्यानं ह्या खोक्यावर घातले. तेवढ्या पैशांत साधी तयार गिटार आली असती, असं त्याची आई, म्हणजे माझी बहीण, रोज म्हणायची. "मामू, मला ती आतून बघायचीय," एवढंच तो मला म्हणाला.

खोक्यात खाचा पाडलेलं लाकडी धड होतं. पडदे बसवलेली मान होती. सतारीचे पडदे सरकवता येतात, हे मानेत पक्के रोवलेले. सहा खुंट्या, सहा तारा, घोडी, आवाजाची बटणं आणि पिकअप. हा पिकअप म्हणजे ह्या वाद्याचा कान. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं हे तत्त्व. ती वीज ॲम्प्लिफायर मोठी करतो. इथं नायलॉनची तार लावलीत तर पिकअपला काहीच ऐकू येणार नाही.

पण गिटार अशी सुटी होऊन खोक्यात मावते कशी? ह्याचं श्रेय बरंचसं रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला जातं. लिओ फेंडर हे त्याचं नाव. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी १९३८ मध्ये त्यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. शिक्षण हिशेबनिसाचं, आणि गिटार त्याला आयुष्यभर वाजवता आली नाही. तोवर चांगल्या गिटारची मान धडाला सरसानं चिकटवलेली असे. ती वाकली, झिजली की कसबी कारागीर गाठावा लागे. फेंडरनं दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्यानं विचार केला आणि मान चार स्क्रूंनी धडाला जोडली. खराब झाली तर सोडवा, दुसरी बसवा. १९५० मध्ये बाजारात आलेल्या ह्याच गिटारला पुढच्या वर्षी टेलिकास्टर हे नाव मिळालं. आजची बहुतेक किटं त्याच चार स्क्रूंवर उभी आहेत.

मी मिरजेत राहतो, म्हणून ह्या गोष्टीचं मला विशेष नवल वाटलं नाही. आमच्या गावात तंबोरे आणि सतारी घडवणारी शिकलगार घराणी मुळात तलवारींना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात त्यांचे हात वाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. एका कामात तयार झालेला हात दुसऱ्या कामात काय करील, हे आधी सांगता येत नाही.

भाच्याचा पहिला आठवडा लाकूड घासण्यात गेला. आधी जाड दाण्याचा पॉलिश पेपर, मग बारीक, आणि हात नेहमी लाकडाच्या रेषेनं चालवायचा. मग रंग. पावसाळी हवेत रंगाचा एक हात वाळायला दोन-दोन दिवस लागत. मानेचे स्क्रू साबणावर घासून मग फिरव, म्हणजे लाकूड फुटणार नाही, हे त्याला गल्लीतल्या सुतारानं सांगितलं. सोल्डरिंग त्यानं स्वतः केलं. घोडीला जोडलेली अर्थची तार नीट बसली असेल, तर तारांवर हात ठेवताच ॲम्प्लिफायरमधली गुणगुण कमी होते. तशी ती झाली, तेव्हा तो कितीतरी दिवसांनी हसला.

तारा चढवल्यावर खरं काम सुरू झालं. सहा तारांची ओढ मिळून पंचेचाळीस किलोंच्या आसपास भरते. तिनं मान वाकते, म्हणून मानेच्या पोटात पोलादी सळई घातलेली असते. ती किल्लीनं पाव-पाव फेराच फिरवायची आणि थांबायचं. मग सुरांची जुळणी. ह्या गिटारच्या तारेची लांबी साधारण ६४८ मिलिमीटर, बारावा पडदा तिच्या मध्यावर, ३२४ वर. तिथं बोट दाबलं की मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात निघायला हवा. पण दाबताना तार जराशी ताणली जाते आणि सूर चढतो. मग घोडीवरचा त्या तारेचा टेका केसभर मागं घ्यायचा, तार पुन्हा सुरात लावायची, पुन्हा ऐकायचं. सहाही तारांचं वेगवेगळं. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडी घासतो, ऐकतो, पुन्हा घासतो, त्याच जातीचं हे काम.

त्या दोन संध्याकाळी भाचा मला सारखा हाका मारत होता. "मामू, ऐका. चढलाय की उतरलाय?" कित्येक महिन्यांत त्यानं घरात कुणाला काही विचारलं नव्हतं.

भाग तयार आले, मग ह्यानं बनवलं काय, असं कुणी म्हणेल. त्या हिशेबानं ब्रायन मेची बरोबरी कोण करणार? १९६३ मध्ये लंडनजवळच्या घरी ह्या शाळकरी मुलानं वडिलांबरोबर गिटार करायला घेतली. मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, आत मोटरसायकलच्या स्प्रिंगा, पडद्यांच्या खुणांना शिंपल्याची बटणं. तीच गिटार पुढं 'क्वीन' ह्या बँडमध्ये, पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या आवाजाला साथ करत जगभर वाजली. तरीही पिकअप त्यानं अखेर विकतचेच बसवले होते. माझं म्हणाल, तर मी एकही शब्द स्वतः घडवलेला नाही. सगळे तयारच मिळाले. ते सुरात लावायला मात्र जन्म पुरत नाही.

भाच्यानं पुढं काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही. गिटार त्याला जेमतेम येते. पण परवा कुणी ती बेसूर वाजते म्हणालं, तेव्हा तो चिडला नाही. "गिटार वाईट नाही, तिसरी तार सरकवायला हवी," म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला. कॉलेज सोडल्यापासून तो स्वतःबद्दल जे बोलत असे, ते ऐकलेल्या मला ह्या वाक्याची किंमत ठाऊक आहे.

तुमच्या घरी असं खोकं आलं, तर सोल्डरिंग करताना खिडकी उघडी ठेवा, रंगाला वाळायला वेळ द्या आणि किल्ली पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. आणि सूर चढलाय की उतरलाय, हे विचारायला कुणी आलं, तर हातातलं काम बाजूला ठेवून ऐका.