भुयारी रेल्वेतील ‘भागीदारी’ : लंडनचा धडा

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

लंडनची भुयारी रेल्वे १८६३ साली धावू लागली. जगातील ती पहिलीच. ती खाजगी कंपन्यांनी बांधली. परंतु कंपन्यांच्या स्पर्धेतून महानगराची वाहतूक सुसूत्र चालत नाही, हे ब्रिटनच्या राज्यकर्त्यांनाही मान्य करावे लागले आणि १९३३ मध्ये ती सार्वजनिक मंडळाकडे आली.

१९९८ मध्ये मजूर पक्षाच्याच सरकारने हे चक्र उलटे फिरविले. गाड्या व स्थानके चालविण्याचे काम सार्वजनिक; रूळ, बोगदे, सिग्नल व डबे यांची देखभाल आणि नूतनीकरण मात्र तीस वर्षांच्या करारांनी खाजगी! या व्यवस्थेला नाव दिले गेले ‘भागीदारी’.

आपल्या बाजारपेठेतील साधा दुकानदारही जाणतो की, भागीदार नफ्याबरोबर तोट्याचाही वाटेकरी असतो. या कसोटीवर लंडनचा व्यवहार तपासून पाहू.

रेल्वे कामगारांच्या संघटनांनी या योजनेविरुद्ध संप केले. त्यांचा आक्षेप केवळ नोकऱ्यांपुरता नव्हता. ऑक्टोबर २००० मध्ये हॅटफील्ड येथे तडा गेलेला रूळ तुटून चार प्रवासी मृत्युमुखी पडले; तो मार्ग खाजगी झालेल्या रेलट्रॅक कंपनीचा होता. तेथील देखभालीचा ठेका असलेली बाल्फोर बीटी हीच पुढे भुयारी रेल्वेच्या ठेकेदार मेट्रोनेटची एक भागधारक झाली! महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी न्यायालयात धाव घेतली; तीही व्यर्थ ठरली. २००२-०३ मध्ये करार झाले.

आता हिशेब पाहा. करार होईपर्यंतच वकील, सल्लागार व निविदाकार यांच्यावर सुमारे ४५.५ कोटी पौंड खर्च झाले. मेट्रोनेटने मोठी कामे आपल्याच भागधारक कंपन्यांकडे सोपविली. मालक आणि ठेकेदार एकच असल्यावर खर्चाला आळा कोण घालणार? जुलै २००७ मध्ये मेट्रोनेट कोसळली. भागधारकांचे सुमारे ३५ कोटी पौंड बुडाले, हे खरे. परंतु तिच्या कर्जापैकी ९५ टक्क्यांची हमी सार्वजनिक संस्थेने दिली होती; ते फेडण्यासाठी सरकारला सुमारे १७० कोटी पौंड मोजावे लागले. सावकार सुरक्षित राहिले, भुर्दंड जनतेवर पडला. २०१० मध्ये दुसरी कंपनी, ट्यूब लाइन्स, हीदेखील ३१ कोटी पौंडांना सार्वजनिक संस्थेने विकत घेतली. तीस वर्षांची ‘भागीदारी’ आठ वर्षांत संपली.

हा प्रश्न परदेशापुरता नाही. दिल्लीची विमानतळ मेट्रो रिलायन्सकडे होती. बांधकामातील दोषांमुळे जुलै २०१२ मध्ये ती बंद पडली, आणि १ जुलै २०१३ पासून ती सार्वजनिक दिल्ली मेट्रोलाच चालवावी लागली. तरीही केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणाने, केंद्रीय अर्थसाह्य हवे असल्यास खाजगी सहभाग सक्तीचा केला!

याउलट, १९८४ मध्ये सुरू झालेली देशातील पहिली भुयारी रेल्वे, कलकत्त्याची, सार्वजनिक क्षेत्रानेच उभारली, हे विसरू नका.

म्हणून आपल्या शहरात असा करार येऊ घातला की तीन प्रश्न विचारा : कर्जाची हमी कोणाची? ठेकेदाराचा ठेकेदार कोण? तोटा आला तर भरणार कोण? सह्या होण्यापूर्वी संपूर्ण करार जाहीर करण्याची मागणी करा. कामगार आणि प्रवासी यांची एकजूट याच प्रश्नांभोवती उभी करावी लागेल.

लाल सलाम!